फार्मच्या खणातलं बुजगावणं

एफबाईंच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडतो. निवृत्तीला वर्षसुद्धा उरलेलं नसताना कागदावर 'कायम' असा शिक्का. त्या शिक्क्याच्या जोरावर मरेपर्यंत अर्धा पगार. नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनचा खर्च कार्यालयाकडून. आणि कोशाच्या प्रस्तावनेत, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात का होईना, स्वतःचं नाव. बदल्यात द्यायचं काय, तर एका शब्दाची नोंद. आठ पानं. बावीस वर्षं दर अकरा महिन्यांनी नव्या कंत्राटावर सही करत आलेल्या बाईला हा सौदा वाईट नव्हता. मी तिथला हेडक्लार्क. ती चोवीसच्या चोवीस कंत्राटं मीच टाइप केली आणि तारखा माझ्या हाताने भरल्या, त्यामुळे सौद्यातलं मला थोडंफार कळतं.

आमचं कार्यालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. इंग्रजी शब्दांचा मोठा कोश आम्ही आपल्या भाषेत करत होतो: प्रत्येक शब्द कुठून आला, कुठे कुठे राहिला, वाटेत कुणाकुणाशी संसार केला, सगळी कुंडली. एका शब्दाच्या एका वापराला एक चिठ्ठी, शब्दाला एक खण, आणि असे खणच खण छतापर्यंत. माणसांना नावं होती, पण ती पगारपत्रकापुरती. ज्याच्याकडे जे अक्षर, तेच त्याचं नाव. एस मोठं म्हणून एसकाका, एसताई आणि धाकटा एस असे तिघं. एक्सला कुणीच नव्हतं. त्याच्या खणात आम्ही साखर ठेवायचो.

मुख्य संपादकांना पाठीमागे सगळे 'थोरले' म्हणत आणि तोंडावर 'सर'. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षांत ईपर्यंत पाच खंड निघाले होते. हा वेग पाहता झेडपर्यंत पोचायला थोरल्यांना आणखी दोन जन्म लागले असते, पण ते कुणी बोलून दाखवत नसे. एफचा खंड छापायला जायच्या आधी अनुदान समिती येणार होती. एक नमुन्याची नोंद पाहणार, पटली तर पैसे चालू, नाही तर कुलूप. थोरल्यांनी शब्द निवडला 'फार्म'.

"ज्याला सगळे ओळखतात असं वाटतं, त्याचीच कुंडली काढावी," ते म्हणाले. "म्हणजे समितीला झोप येत नाही. बाई, हे तुमचं. जमलं तर तुमचा कायमचा कागद मी स्वतः पुढे करतो. शब्द देतो."

आमच्याकडे शब्द द्यायला कमतरता कधीच नव्हती.

बाई त्या नोंदीत अशा काही शिरल्या की चहा टेबलावर गार व्हायचा. दुपारी डबा खाताना मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही, आणि तो कुणी तरी बहुधा मी असायचो.

"भाऊ, फार्म म्हणजे काय?"

"शेत."

"नापास. शेत हा अगदी नंतरचा अर्थ. आधी ठरलेली रक्कम. लॅटिनमधला फिर्मा. पक्की केलेली, हलवता न येणारी. मग ती रक्कम भरून जी जमीन कसायला मिळते ती जमीन. आणि मग कितीतरी काळाने, कुणीही कसलेली कुठलीही जमीन."

"आणि फार्मर?"

"वसुलीवाला! राजाला एकरकमी पैसे मोजायचे आणि मग लोकांकडून कर गोळा करत फिरायचं. जास्तीचं निघेल ते आपलं."

"म्हणजे पहिला शेतकरी शेतात गेलाच नाही?"

"गेला की. वसुलीला."

एसकाका हसता हसता ठसकले. बाई मात्र तेवढ्यावर थांबायच्या नाहीत. पैसे घेऊन दुसऱ्यांची तान्ही मुलं सांभाळायची, त्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद होतं. त्यांतली बरीचशी मुलं जगली नाहीत. आपलं काम दुसऱ्याला मक्त्याने देऊन टाकायचं, त्यालाही हेच. मासे, वारा, संगणक, सगळ्यांची आता शेतं झाली होती. आणि त्याहून जुन्या इंग्रजीत 'फेओर्म' नावाचा एक शब्द होता, म्हणजे शिधा, कुळांनी धन्याला घालायचं जेवण. हा फार्मचा बाप, की चुलता, की नुसताच शेजारी, यावर पंडितांची अजून जुंपलेली होती.

"गंमत पाहिलीत का भाऊ?" बाई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "इतके अर्थ, पण सगळे एकाच दिशेने वाहतात. खालच्याने वरच्याला द्यायचं. भाडं द्या, कर द्या, शिधा द्या. एकाही अर्थात वरून खाली काही येत नाही."

"बाई, यासाठी कोश कशाला हवा? पगारपत्रक बघा."

"थट्टा नको. कारण एक अर्थ आहे तसा. एकच. गेल्या आठवड्यात खणाच्या तळाशी सापडला." त्यांनी टेबलाच्या खणातून एक चिठ्ठी काढली आणि देवाचा अंगारा द्यावा तशी दोन बोटांत धरून माझ्यापुढे केली. "वाचा."

मी वाचली. कापणीच्या शेवटच्या दिवशी मालकाने स्वतःच्या हाताने मजुरांना वाढायचं जेवण: त्याला फार्म म्हणत. मालकाने त्यांचं होईपर्यंत बसायचं नाही. आधार: एका खेड्यातल्या चर्चची हिशेबवही, पान ३१. कोपऱ्यात थोरल्यांची, तपासल्याची लाल खूण.

माझ्या पाचावर धारण बसली. कारण ती चिठ्ठी मीच लिहिली होती.

इथे आमच्या घरातलं एक गुपित सांगायला हवं. कोश वर्षानुवर्षं घाम गाळून करायचा आणि दुसऱ्या कुणी तो चार महिन्यांत उतरवून स्वतःच्या नावाने छापायचा, हे या धंद्यात होतं. म्हणून थोरल्यांनी पहिल्या खंडापासून एक रीत ठेवली होती. प्रत्येक अक्षरात एक अर्थ संपूर्ण खोटा. जो कोण चोरेल तो हाही चोरेल, आणि तिथेच धरला जाईल. या खोट्या अर्थाला थोरले बुजगावणं म्हणत. ते सांगत, मी वेगळ्या टाकाने, उभ्या वळणात लिहीत असे. वर लाल खूण. कुठल्या अक्षरात कुठलं बुजगावणं, याची यादी पाकिटात, पाकीट लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या खिशात. तिसऱ्या माणसाला ठाऊक नाही. आणि लाल खूण असलेली चिठ्ठी आमच्याकडे कुणी पुन्हा पडताळत नसे. ते थोरल्यांच्या डोळ्यांवर संशय घेतल्यासारखं झालं असतं.

एफचं बुजगावणं एकोणीस वर्षांपूर्वी उभं केलं होतं. तो दिवस मला आठवतो. थोरले कंटाळले होते. म्हणाले, "लिहा काहीतरी गोड. लोकांना खरं वाटावं इतकं गोड." आणि मग ते जेवण सांगितलं. कुठल्या शब्दात रोवलं हे मी पार विसरलो होतो. तेही विसरले असणार, नाही तर नेमका तोच शब्द नमुन्याला काढला नसता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. छान आहे," मी म्हणालो. "ते पुस्तक मिळालं का, हिशेबवही?"

"ग्रंथालयाला लिहिलं होतं. उपलब्ध नाही म्हणाले. अर्धी पुस्तकं कुठे उपलब्ध असतात? आणि सरांची खूण आहे ना." त्यांनी चिठ्ठी परत घेतली. "नोंदीचा शेवट यावरच करणार आहे. सगळ्या अर्थांचा प्रवाह दाखवायचा आणि मग हा एक अर्थ, उलटा वाहणारा. दीड पान."

मी सरळ थोरल्यांच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं. सांगितलं. ते आधी चकित झाले, मग हसले, आणि मग कॅलेंडराकडे बघून हसायचे थांबले.

"समितीला किती दिवस आहेत?"

"नऊ."

"नऊ दिवसांत नवी नोंद होत नाही."

"नवी कशाला? नुसतं शेवटचं दीड पान काढायचं. बाईंना सांगू या."

"काय सांगणार? या कोशात आम्ही खोटं पेरतो, हे? आज त्यांना सांगाल, उद्या एसकाकाला कळेल, परवा बाजारात. मग ते बुजगावणं कसलं? आणि समितीच्या कानावर गेलं तर?"

"मग तुम्हीच कात्री लावा, सर. जागा कमी पडते म्हणा."

"त्या दीड पानासाठीच तर नोंद वाचनीय झालीय," थोरले म्हणाले. "अहो, समिती चहा पिणार, बिस्किटं खाणार, जाणार. आजवर कुणी आधार विचारलाय? तुमची मुदतवाढ पण याच बैठकीनंतर आहे ना?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी अगदी मायेने म्हटलं. मला अठ्ठावन्न ओलांडून तीन वर्षं झाली होती. थोरल्यांच्या सहीवर मी वर्षावर्षाने जगत होतो.

तरीही मी रविवारी बाईंच्या घरी गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. दोन खोल्या, जिन्याखालचं स्वयंपाकघर. नवरा आमच्याच कोशाचा जुना जुळारी. ए ते सी हे तीन खंड त्याने शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेले. खिळे गेले, संगणक आला, आणि त्यापाठोपाठ डोळ्यांत मोतीबिंदू, तोही पिकून डोळ्यांवर दाब आणणारा. खिडकीपाशी बसून तो बोटांनी टेबलाची कड चाचपत होता.

"या हेडक्लार्कसाहेब. चालीवरून ओळखलं. तुमचा डावा बूट अजून कुरकुरतो."

"तो माझ्यापेक्षा जुना नोकर आहे."

"अहो, भाऊंना बसू तरी द्या," बाई आतून म्हणाल्या. "आणि हात टेबलावरून काढा, चहा ठेवतेय."

"काढतो गं. हिला विचारा, फार्म काय असतं. घरात दुसरा विषय नाही. काल म्हणे, सैनिकांच्या बोलीत 'त्याने फार्म विकत घेतलं' म्हणजे तो मेला. मी म्हटलं, बरंय बुवा, निदान मेल्यावर तरी जमीन नावावर होते."

"असलंच लक्षात राहतं यांच्या."

"आणि ते जेवणाचं पण राहिलंय की. मालक वाढतो ते. ते चांगलंय." जुळारी माझ्या बाजूला वळला, पण जरा चुकीच्या ठिकाणी बघत. "मी तीन खंड जुळवले, साहेब. लाखो शब्द बोटांखालून गेले. पण असा एक नव्हता गेला. हिने वाचून दाखवलं तेव्हा म्हटलं, डोळे झाले की हे पान स्वतः वाचणार. डॉक्टर म्हणतात, उजवा नक्की येईल. डावा लवकर केला तर. कागद कायम झाला की लगेच तारीख घेऊ."

बाईंनी कप माझ्यापुढे ठेवला. "भाऊ, तुम्ही काही काम काढून आला होतात का?"

मी म्हणालो, "छे. सहज. या बाजूला आलो होतो."

चहात साखर चांगली होती. मी दोन कप प्यालो आणि घरी गेलो.

समितीत चौघं होते. तिघं थोरल्यांच्या अंदाजाप्रमाणेच निघाले: त्यांनी पानं उलटली, मान हलवली, बिस्किटांची चौकशी केली. चौथ्या एक पाहुण्या प्राध्यापिका होत्या, सडपातळ, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी आठही पानं वाचली. एकदा नाही, दोनदा. शेवटचं दीड पान वाचताना त्यांचा चेहरा असा खुलला की दाराशी उभ्या असलेल्या बाई नकळत एक पाऊल पुढे आल्या.

"हे फार सुंदर आहे," प्राध्यापिका म्हणाल्या. "जुन्या इंग्रजीत माझी तीस वर्षं गेली, पण हा अर्थ मला कधी भेटला नाही. मला माझ्या पुस्तकात हे वापरायचंय. ती हिशेबवही कुठली? जरा पाहता येईल?"

बाईंनी चिठ्ठी दिली. प्राध्यापिकांनी ती उजेडात धरली. त्या खेड्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. पिशवीतून त्यांनी एक जाड सूची काढली, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. अशा नावाचं खेडंच नव्हतं. त्या ओरडल्या वगैरे नाहीत. त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला, एवढंच. या सगळ्यात काही मोडायचं असेल तर ते, मला वाटतं, तेव्हाच मोडलं.

"ही चिठ्ठी कुणाची?" त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "सरांची खूण आहे तिच्यावर."

थोरल्यांनी चिठ्ठी घेतली. चष्मा पुसला. बराच वेळ पाहिली. मी त्यांच्या मागे उभा होतो, आणि किल्ली माझ्या मांडीला टोचत होती.

"अक्षर ओळखीचं नाही," ते म्हणाले. "खूण माझ्यासारखी काढलीय. पण माझी नाही." मग बाईंकडे वळून, अगदी हळू आवाजात, "बाई, कायम व्हायचं होतं, ते मी समजू शकतो. पण असं?"

खाली सायकलवाला तारा ठोकत होता.  बाईंनी चिठ्ठीवर एक नजर टाकली, आणि तिथून ती नजर उचलून माझ्यावर ठेवली.

समितीने वेळ लावला नाही. इतक्या जुन्या सहकाऱ्यालाही पाठीशी न घालणाऱ्या संपादकाच्या हाती पैसा सुरक्षित आहे, असं त्यांच्या अहवालात पुढे आलं. अनुदान तीन वर्षांचं मागितलं होतं, पाच वर्षांचं मिळालं.

ती माणसं जिना उतरून गेल्यावर बाई माझ्या टेबलापाशी आल्या. हातात चिठ्ठी होती. थोरल्यांनी ती टेबलावरून उचलायचीही तसदी घेतली नव्हती.

"भाऊ, हा तीन कुणाचा?"

मी अक्षर बदललं होतं. टाक बदलला होता. पण पान एकतीसमधल्या तीनला मी सपाट टोपी घातली होती, माझ्या नेहमीच्या सवयीने, जशी बाईंच्या चोवीस कंत्राटांवर घालत आलो तशी.



"किती आहेत अशा?"

"अक्षराला एक."

"म्हणजे ए ते ईमध्ये पाच छापूनही झाल्या." त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "यादी असेल कुठे तरी."

"कपाटात. पण किल्ली..."

"तुमच्या खिशात आहे. मघापासून तुम्ही त्यावर हात ठेवून उभे आहात."

"बाई, तुम्ही समितीला लिहा," मी म्हणालो. हे मी का म्हणालो, देव जाणे. बहुतेक त्या लिहिणार नाहीत याची खात्री होती म्हणून. "मी नाही म्हणणार नाही."

"काय लिहू? कोश खोटा आहे? मग माझ्या बावीस वर्षांचं काय? इतक्या नोंदी मी केल्या, त्यांना उद्या कोण खऱ्या म्हणेल?" त्यांनी मान हलवली. "सरांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर एवढ्या शांतपणे बोलले."

 एसकाकांनी उगाचच चिठ्ठ्या खाली पाडल्या आणि उगाचच गोळा केल्या.

"एवढंच सांगा," बाई म्हणाल्या. "ते जेवण. दुसऱ्या कुठल्या नावाने, दुसऱ्या कुठल्या गावात, कुणी तरी तसं वाढलं होतं का? सरांनी कुठे वाचलं होतं का?"

या एका प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं.

"नाही. कंटाळा आला होता, म्हणून सुचलं."

त्यांनी चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली, डब्याची पिशवी घेतली, आणि गेल्या. पायऱ्या मोजत गेल्यासारख्या, एकेक.

'कराराचे नूतनीकरण करण्यात येणार नाही' हे पत्र मीच टाइप केलं. तारीख भरताना त्यात एक तीन आला. तो मी टोपी न घालता काढला.

ऑपरेशनची तारीख घेतलीच नाही. जुळाऱ्याचा डावा डोळा पावसाळ्याआधी गेला, उजवा थंडीत. बाई आता गल्लीतल्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेतात, असं एसकाका सांगतात. फार्म म्हणजे काय, असं एका मुलाने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "शेत," आणि पुढचा शब्द घेतला.

एफचा खंड निघाला. फार्मची नोंद त्यात आहे, साडेसहा पानांची, आणि ती बाईंची आहे, शब्द न् शब्द. नाव कुठेही नाही. खंड छपाईला जायच्या आदल्या आठवड्यात थोरल्यांनी मला आत बोलावलं. एफ आता राखणदाराशिवाय उघडं पडलं होतं.

"घ्या टाक," ते म्हणाले. "लिहा. या वेळी फार गोड नको."

मी लिहिलं. कुठल्या शब्दात, ते सांगायची मला परवानगी नाही.

आता मांडतो. थोरल्यांनी दिलं: एक लाल खूण, तीही नाकारलेली. समितीने दिलं: अनुदान, ते सरकारचं. प्राध्यापिकांनी दिलं: एक दुपार. मी दिलं: काहीच नाही; उलट मला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, आणि त्या रविवारचे दोन कप चहा. एकूण खर्च निघतो बावीस वर्षं, मरेपर्यंतचा अर्धा पगार आणि दोन डोळे. भरणा सगळा त्या दोन खोल्यांतून झाला. इतर कुणाच्याही नावावर एक पैसा येत नाही. मी दोनदा बेरीज करून पाहिली.